मिनिटाला बावीस थेंब

माझा धाकटा भाऊ वयाच्या एकसष्टाव्या वर्षी घरमालक झाला आणि त्या दिवसापासून त्याला माणसं कमी आणि भिंती जास्त दिसायला लागल्या. मी त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. त्याला कडेवर घेऊन हिंडले आहे, त्याचं नाक पुसलं आहे, तेव्हा त्याच्याबद्दल चार वाकडे शब्द बोलायचा हक्क माझ्याइतका कुणाचाच नाही. हल्ली ज्याला बघावं तो एक घर राहायला आणि एक भाड्यानं द्यायला घ्यायच्या गोष्टी करतो. माझा नातजावईसुद्धा त्यातलाच. या सगळ्यांनी एकदा धाकट्याची गोष्ट ऐकावी, म्हणजे काय करू नये ते एकाच जागी मिळेल.

धाकट्यानं अडतीस वर्षं वजनमापं खात्यात काढली. निरीक्षक होता. बाजारात एकेका दुकानात शिरायचं, तराजू तपासायचा, बरोबर असला तर शिक्का मारायचा आणि चुकीचा असला तर वहीत नोंद करायची. दुरुस्ती करायची नाही. दुरुस्ती करणारा परवान्याचा माणूस वेगळा, यानं नुसता स्क्रू पिळला तरी तो गुन्हा. म्हणजे बघा, अडतीस वर्षं या माणसानं बिघाड शोधले आणि एकही नीट केला नाही, आणि त्याबद्दल त्याला बढत्या मिळाल्या. बाजारात सगळे त्याला काटेसाहेब म्हणायचे. कुणाच्या दुकानात कधी चहा प्यायला नाही की कुणाकडून पिशवी घेतली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचं कौतुक करायची संधी मला फारशी मिळणार नाही.

भावजय माझी शाळेचे गणवेश शिवायची. घरातच, खिडकीशी मशीन लावून. धाकट्याचा पगार असताना ते वरखर्चाला व्हायचं. तो निवृत्त झाला आणि पेन्शन महिन्याच्या वीस तारखेला संपायला लागली. उरलेले दहा दिवस भावजयीच्या मशीनवर चालायचे. पण तीस वर्षं खाली वाकून वाकून तिची मान गेली होती. उजव्या हाताला मुंग्या यायच्या. एक दिवस मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली, आणि तिला ते कळलं कधी, तर पांढऱ्या शर्टावर लाल डाग उमटला तेव्हा. डॉक्टरांनी सांगितलं, मानेतली शीर दबली आहे, मशीनवर बसणं बंद करा. आत्ता थांबलात तर बोटं परत येतील. नाही थांबलात तर मी काही सांगू शकत नाही.

तेव्हा धाकट्यानं टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाला, "बंद म्हणजे बंद! निवृत्तीची रक्कम मिळाली आहे, त्याचं एक घर घेतो. भाडं येईल. महिन्याचे दहा दिवसच काढायचे आहेत ना? ते घर काढेल."

बोलणं झकास होतं. भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी त्याला लहानपणापासून ओळखते.

त्यानं सतरा घरं पाहिली. लादी समतल आहे का ते दाखवणारी बुडबुड्याची नळी असते गवंड्याकडे, ती घेऊन. सतरावं पसंत पडलं. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, बसथांबा वीस मिनिटांवर.

"ताई, लादी एवढी सपाट आहे की गोटी ठेवली तर जागची हलत नाही."

"अरे, पण भाड्यानं कोण राहणार आहे? गोटी?"

"तुला बांधकामातलं कळत नाही."

नाहीच कळत. पण तीन जिने चढताना गुडघ्याला काय होतं ते मला चांगलं कळतं, आणि भाडेकरूलाही गुडघे असतात. घर आपल्याला आवडलं म्हणून घ्यायचं नसतं. आपण थोडेच राहणार असतो तिथं. जो राहणार त्याला कामाला जायला किती वेळ लागतो, सामान वर कोण नेणार, पाणी किती वाजता येतं, हे आधी बघायचं. धाकट्यानं भिंतींचा काटकोन बघितला.

मग त्यानं एक फॉर्म तयार केला. बेचाळीस प्रश्नांचा. मला वाचून दाखवला, तेव्हा मला वाटलं थट्टा करतोय. ‘आंघोळीस सरासरी किती बादल्या पाणी लागते?’ ‘भिंतीत खिळे ठोकण्याची सवय आहे काय? असल्यास कोणत्या वयापासून?’ ‘दार लावताना आवाज होतो काय?’

"अरे, नोकरी कुठं करतोस, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर दे, हे कुठं विचारलंयस?"

"माणूस सवयींवरून कळतो, ताई."

पहिलं आलं ते एक नवराबायकोचं जोडपं. दोघंही नोकरीला. भाडं एक तारखेला यायचं. भावजयीनं मशीनवर झाकण घातलं आणि वर फुलदाणी ठेवली. पण दर रविवारी सकाळी दहाला धाकटा तपासणीला जायला लागला. खांद्याला पिशवी. पिशवीत बॅटरी, टेप, एक छोटी हातोडी आणि वही. लाद्यांवर हातोडीनं टकटक करायचं, नळ सोडून बघायचे, कपाटाची दारं उघडून बघायची. कपाटात त्यांचे कपडे असायचे. याला कपड्यांशी देणंघेणं नाही, याला बिजागरी बघायची असायची. पण हे त्या बाईला कसं कळावं? चार महिन्यांनी ती दोघं गेली. जाताना धाकट्यानं त्यांच्या डिपॉझिटमधून तीन खिळ्यांच्या भोकांचे पैसे कापले. भोकं टेपनं मोजून.

घर दोन महिने रिकामं राहिलं. फुलदाणी खाली आली, मशीन सुरू झालं.

दुसरा आला तो माणूस मी कधी विसरणार नाही. गोरागोमटा, हसरा, एकटाच. बेचाळीस प्रश्नांची बेचाळीस उत्तरं यानं धाकट्याला हवी तशी दिली. खिळे? "छे काका, मला खिळ्याचा आवाजसुद्धा सहन होत नाही." दार? "काका, मी दार लावतो तेव्हा शेजाऱ्यांना वाटतं घरात कुणी नाहीच." काहीही बोला, तो "हो काका, हो काका" म्हणायचा, म्हणून आम्ही घरात त्याला होकाकाच म्हणायला लागलो. धाकट्याच्या तपासणीला तो स्वतः दार उघडून उभा राहायचा. बॅटरी धरायचा. वर चहा करून पाजायचा. अडतीस वर्षं ज्यानं कुणाचा चहा घेतला नाही तो इथं दोन दोन कप रिचवायला लागला.

"असा भाडेकरू मिळायला भाग्य लागतं, ताई."

दोन महिने भाडं आलं. तिसऱ्या महिन्यापासून ‘अडकलेत काका, येतायत काका’ सुरू झालं. धाकटा दर रविवारी जायचा, पण भाडं मागायला त्याला संकोच वाटायचा. तपासणी आणि वसुली ही दोन वेगळी खाती, असं त्याचं म्हणणं. पाच महिने असे गेले. मग एका रविवारी दहा वाजता बेल वाजवली तर आत कुणी नाही. होकाका गेला होता. दोन्ही खोल्यांतले पंखे गेले होते, आंघोळीच्या पाण्याचा गीझर गेला होता, स्वयंपाकघरातला भारी नळसुद्धा तो काढून घेऊन गेला होता.

धाकटा घरी आला, खुर्चीत बसला, पिशवी मांडीवर धरून. मला वाटलं, आता रडतो की काय. मग म्हणतो, "भिंती मात्र स्वच्छ ठेवल्या होत्या हं. एक ओरखडा नाही."

भावजय मशीनवर होती. तिनं वर पाहिलं नाही. पण मशीनचा वेग एकदम वाढला, एवढं मी ऐकलं.

भाडं बुडायला लागल्याबरोबर ती मशीनवर परत बसली होती. त्या पाच महिन्यांत आणि पुढं घर रिकामं पडलं त्या दोन महिन्यांत तिनं किती शर्ट शिवले ते तिलाच ठाऊक. शेवटी शेवटी तिला हातात कात्री आहे की नाही ते बघून खात्री करावी लागायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही लाकडाची झाली होती. डॉक्टर चिडले. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" ती म्हणाली, "भाडेकरू मिळाला की थांबते." डॉक्टरांना वाटलं असेल ही बाई भलतंच काहीतरी बोलते आहे.

तिसरी आली ती नर्स. पस्तिशीची, एकटी, कमी बोलणारी. धाकट्याच्या नशिबानं त्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एक हॉस्पिटल नवं झालं होतं, आणि तिला चालत जाता येईल असं घर हवं होतं. तिनं बेचाळीस प्रश्न पाच मिनिटांत संपवले आणि पेनाला टोपण लावत म्हणाली, "काका, आता माझा एकच प्रश्न. घरात काही बिघडलं तर फोन कुणाला करायचा, आणि किती दिवसांत दुरुस्त होतं?"

धाकट्यानं फॉर्म उलटसुलट करून बघितला. "हा प्रश्न यात नाही."

"म्हणूनच विचारला."

"मी दर रविवारी स्वतः लक्ष घालतो," असं त्यानं छाती फुगवून सांगितलं. बिचारीला वाटलं, वा, किती चांगला मालक.

भाडं एक तारखेला. दुसऱ्या महिन्यातही एक तारखेला. भावजयीनं आलेली कामं शेजारच्या गल्लीतल्या शिंपिणीकडे पाठवून दिली आणि मानेचे व्यायाम मन लावून करायला लागली. तिसऱ्या महिन्यात तिनं मला फोन केला. "वन्सं, अंगठ्याला कळायला लागलं! आज गरम भांडं धरलं आणि चटका बसला!" चटका बसला म्हणून एवढी आनंदलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता धाकट्यानं काय करायला हवं होतं? काही नाही. घरी बसून पेपर वाचायला हवा होता. पण होकाकानं नळ नेल्यावर यानं त्या जागी जो स्वस्तातला स्वस्त नळ बसवून घेतला होता, तो गळायला लागला. गळती सुरू झाली त्या पहिल्याच रविवारी नर्सनं सांगितलं. यानं घड्याळ लावून थेंब मोजले आणि वहीत लिहिलं: मिनिटाला अकरा. पुढच्या रविवारी चौदा. मग सतरा. मला घरी येऊन असा सांगायचा जसा काही नातू शाळेत वरचा नंबर मिळवतोय.

"प्लंबरला बोलावलंस का?"

"गळतीचा कल समजल्याशिवाय कसं बोलावणार?"

"कल कसला? खालीच पडणार ना पाणी?"

"ताई, नोंद पूर्ण नसताना कारवाई करायची नसते."

तिकडं नर्सची रात्रपाळी. सकाळी साडेआठला यायची, आंघोळ करून झोपायची ती तीनला उठायची. रविवारी दहाला बेल वाजली की ती अर्धमिटल्या डोळ्यांनी दार उघडायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. हा लाद्यांवर टकटक करायचा. तिनं दोनदा सांगितलं, "काका, दहाला मी झोपलेली असते. चारनंतर या." याचं उत्तर, "चारनंतर उजेड तिरका होतो. तडा दिसत नाही."

गळतीच्या सातव्या रविवारी तिनं दार उघडलं नाही. पाठोपाठ दोन पाळ्या करून आली होती, मेल्यासारखी झोपली होती. यानं तीनदा बेल वाजवली. मग खिशातली चावी काढली.

त्यानंतर काय झालं ते मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे. नर्सचं म्हणणं, जाग आली ती डोक्यापाशी प्रकाश नाचत होता म्हणून. बघते तर एक माणूस गुडघ्यावर बसून भिंतीवर बॅटरी मारतोय. ती किंचाळली. शेजारी धावत आले. हातात लाटणी, काठ्या. धाकट्याचं म्हणणं, तो ओल बघत होता, आणि तिच्याकडं त्यानं मानसुद्धा वळवली नव्हती.

"चपला बाहेर काढल्या होत्या मी!" तो मला सांगत होता. "बेल वाजवली होती, तीनदा! आणि घर माझं आहे. चोरासारखं पकडलं मला. मला! काटेसाहेबाला!"

"अरे गाढवा, ती एकटी बाई झोपली होती तिथं."

"मी भिंतीकडं बघत होतो, ताई."

खरं सांगते, तो भिंतीकडंच बघत होता, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तेच तर दुखणं होतं. आणि त्या दिवशी त्यानं वहीतली नोंद मात्र पूर्ण केली होती. थेंब, मिनिटाला बावीस.

दुसऱ्या दिवशी नर्सची नोटीस आली. एक महिन्यानं घर सोडते.

त्या आठवड्यात मी त्यांच्याकडं गेले तर जिन्यातच मशीनचा आवाज. भावजयीनं ऐंशी स्कर्टांची ऑर्डर घेतली होती. पुढच्या महिन्याची सोय. ती उजव्या हातानं कापड सरकवत नव्हती, कोपरानं ढकलत होती.

मी मशीनचं चाक हातानं धरलं. थांबवलं.

"वन्सं, सोडा. वीस तारीख काही थांबायची नाही."

"ऊठ. साडी बदल. आपण त्या पोरीकडं जाऊ."

"काय तोंडानं?"

"तुझ्या. माझ्या तोंडात कवळी आहे, ती घसरते."

ती हसली, आणि उठली. आम्ही चारनंतर गेलो, आधी फोन करून. शहात्तराव्या वर्षी मी ते तीन जिने चढले, प्रत्येक पायरीला त्या सपाट लादीच्या नावानं बोटं मोडत. दार नर्सनंच उघडलं. आत खोकी बांधायला सुरुवात झाली होती. स्वयंपाकघरात नळाखाली पातेलं, टप टप टप. खालच्या मजल्यावरच्या छताला डाग आला म्हणून खालची बाई वर येऊन हिलाच बोलून गेली होती.

"काकू, मला तुमच्याशी भांडायचं नाही," नर्स म्हणाली. "भाडं कमी करा असंही मी म्हणत नाही. मला झोप पाहिजे. माझ्या हातून सुया टोचल्या जातात, औषधाचं माप चुकलं तर माणूस जातं. मी झोपले नाही तर मी कामाची नाही."

तिनं चहा ठेवला. भावजयीनं कप उचलला तो दोन्ही हातांनी, आणि तरी उजवीकडून कलला. बशीत सांडला. नर्सचं लक्ष चहाकडं नव्हतं, बोटांकडं होतं. तिनं कप काढून घेतला, भावजयीचा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट दाबत विचारायला लागली. "इथं कळतं? इथं? हे कधीपासून?"

भावजयीनं सगळं सांगितलं. मशीन, मान, वीस तारीख. रडली नाही. दुसऱ्याच कुणाच्या हाताबद्दल बोलावं तसं बोलली.

नर्सनं तिचा हात हळूच खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी गेले की तुम्ही मशीनवर."

"तू ते मनावर घेऊ नकोस गं. तुझी चूक नाही."

"माहीत आहे माझी नाही ते." तिनं खोक्याकडं पाहिलं. "तीन गोष्टी करा. नळ दुरुस्त करा, काकांच्या खिशातली चावी मला द्या, आणि मी बोलावल्याशिवाय कुणी यायचं नाही. एवढं लिहून मिळालं तर मी खोकी सोडते. पण शनिवारपर्यंत. पुढं मला दुसरं घर बघायला वेळ उरत नाही."

बाकीच्या अटी मला सोप्या वाटल्या. चावीची मात्र नाही. धाकटा एकवेळ किडनी देईल, चावी नाही.

घरी आलो. तो वही घेऊनच बसला होता. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि ठरवलं, आज आपण तोंड उघडायचं नाही. भावजयीनं तीन अटी सांगितल्या.

"चावी?" तो उडालाच. "मालकाकडं चावी नाही? उद्या आत काय चाललंय ते मला कसं कळणार?"

"अहो, बाजारात एखाद्याच्या काट्यावर शिक्का मारल्यावर पुन्हा कधी जायचात त्या दुकानात?"

"वर्षानं."

"मधे?"

"मधे कशाला? तक्रार आली तर."

"मग त्या पोरीला तुम्ही एका दुकानदाराइतकंही मानत नाही?"

"ती गोष्ट वेगळी. ते त्यांचे तराजू. हे माझं घर आहे."

"घर तुमचं," भावजय म्हणाली, "हात माझा."

तिनं मशीनच्या खणातून एक सुई काढली, त्याच्यासमोर टेबलावर ठेवली, आणि उजवा हात उताणा पसरला. "तुम्हाला तपासायला आवडतं ना? हे तपासा. एकेका बोटाला टोचा, कळलं की मी सांगते." आणि तिनं तोंड खिडकीकडं वळवलं.

तो माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं पाहिलं. मग त्यानं सुई उचलली, जपून, अंगठ्याला लावली.

"कळलं."

शेजारच्या बोटाला. "कळलं." मधल्याला. थोडं थांबून, "हं, कळलं."

मग त्यानं चौथ्या बोटाला टोचली. ती खिडकीबाहेर बघतेय. त्यानं परत टोचली, जरा जोरात. करंगळीला टोचली. परत चौथ्याला. मला खुर्चीतून दिसत होतं, तिथं रक्ताचा बारीक ठिपका आला होता.

"अहो, थांबलात का?" भावजय म्हणाली. "टोचा की पुढं."

धाकट्यानं सुई खाली ठेवली. नोंद करायला त्यानं वही उचलली नाही. मी त्याला जन्मापासून बघते आहे, काही सापडलं आणि यानं लिहिलं नाही असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

थोड्या वेळानं तो उठला, सदऱ्याच्या खिशातून चावी काढली आणि तिच्या डाव्या हातात दिली. डाव्या. एवढं सुचलं त्याला.

करार त्यानंच लिहिला, तोही नऊ कलमांचा, कारण तीन कलमांचा करार त्याला उघडा वाटत होता. ‘मालकाने पूर्वसूचनेशिवाय व बोलावल्याशिवाय येऊ नये’ याच्याखाली त्यानंच ‘कोणत्याही सबबीवर’ असं जोडलं. स्वतःला तो इतरांपेक्षा बरा ओळखतो, म्हणायचं. शुक्रवारी प्लंबर आला. बारा मिनिटांत नळ बदलून मोकळा. प्लंबरचे पैसे त्या तीन खिळ्यांच्या भोकांहून कमी झाले. खालच्या बाईचं छत मात्र रंगवून द्यावं लागलं, त्याला अख्ख्या महिन्याचं भाडं गेलं. बावीस थेंबांपायी.

ऐंशी स्कर्टांपैकी अकरा शिवून झाले होते. बाकीचे शिंपिणीकडं गेले. खोकी सुटली.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. नर्स तिथंच आहे. घरात काही बिघडलं तर ती भावजयीला फोन करते, भावजय प्लंबरला करते, आणि धाकट्याला काम झाल्यावर कळतं. गेल्या वर्षी आजूबाजूची भाडी वाढली तेव्हा त्याला वाढवायची हुक्की आली. भावजयीनं नुसतं विचारलं, "ती गेली तर किती महिने रिकामं?" त्यानं हिशेब केला आणि थोडीशीच वाढवली, तीही नर्सशी बोलून.

पण याचा अर्थ माणूस सुधारला असं कुणी समजू नये. आता तो सल्ला देतो. रविवारी सकाळी दहा वाजता, त्याच पिशवीसह, बागेतल्या बाकावर. पिशवीत पेन आणि बिस्किटं असतात. नवे घरमालक त्याला विचारायला येतात आणि हा असा बोलतो जसा काही जन्मतःच शहाणा होता. चावी भाडेकरूकडं. आधीच्या मालकाला फोन केल्याशिवाय घर द्यायचं नाही. जो सगळ्याला हो म्हणतो त्याला तर नाहीच द्यायचं. दुरुस्ती त्याच आठवड्यात. "हे मी पहिल्यापासून सांगत आलोय," असं वर. मी बाजूला बसून ऐकते. कवळी आवळून धरते.

मागच्या महिन्यात एक जण घरीच आला. तरुण, चष्म्यावाला, पहिलंच घर घेतलं होतं, भाड्यानं द्यायचं होतं. छान वही घेऊन आला होता. धाकटा सुरू झाला तो थांबेना. भावजय चहा घेऊन आली. ट्रे ती आता डाव्या हातावर तोलते, उजवा नुसता कडेला टेकवते. अंगठा आणि दोन बोटं परत आली तिची. चौथं आणि करंगळी नाही आली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

एक कप ट्रेवरून घसरला. त्या तरुणानं चटकन धरला.

"काकू, हाताला काय झालं?"

धाकटा डिपॉझिटबद्दल काहीतरी सांगत होता. वाक्य अर्धं तसंच सोडून त्यानं तिच्या हाताकडं पाहिलं. भावजयच काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होती, तिचं तोंड उघडलंही होतं.

"आमचं नऊ महिने भाडं आलं नव्हतं," धाकटा म्हणाला.

तरुणाला वाटलं, सल्ल्याचाच पुढचा भाग आहे. त्यानं मान डोलावली, वहीत ‘नऊ महिने’ लिहिलं आणि विचारलं, "का हो, काका? कुणाची चूक?"

"माझी," धाकटा म्हणाला. "तेही लिहा."